कापसाच्या खोलीतले उंदीर

लॉकडाऊनमध्ये आमच्या घरी सगळं होतं, फक्त रडायला जागा नव्हती.

ज्वारी होती, तुरीची डाळ होती, लोणच्याची बरणी काठोकाठ होती. टीव्हीवर सांगत होते की घाबरू नका, जीवनावश्यक वस्तूंचा पुरेसा साठा आहे. असेल! पण चाळिशी गाठलेल्या, भरघोस मिशी राखून असलेल्या, गावात चार लोक ओळखतात अशा माणसाला घटकाभर मोकळेपणी रडायचं असेल तर त्यानं जायचं कुठं, याची सोय कोणीच केलेली नव्हती.

आमचं गाव भीमपूर मंडलात (मंडल म्हणजे आमच्या तेलुगू राज्यातला तालुका), पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर. नदी ओलांडली की महाराष्ट्र. एरवी हे आम्हाला आठवतसुद्धा नाही. बाजार पलीकडे करावा, सोयरीक पलीकडे जमवावी, आणि रस्ता खराब झाला की दोन्ही सरकारांना सारख्याच शिव्या द्याव्यात, असा आमचा व्यवहार. घरात आम्ही पाच जण: बापू, माय, मी, माझी बायको रेखा आणि आमची सात वर्षांची परी. सहावा कापूस.

कापसाला मोजायलाच हवं, कारण घरातली एकुलती एक चांगली खोली त्याच्याकडे होती. आमच्याकडे पद्धतच आहे. वेचणी झाली की कापूस बैठकीच्या खोलीत आढ्यापर्यंत भरायचा, मनासारखा भाव येईपर्यंत ठेवायचा, आणि तोवर माणसांनी मिळेल तिथं पडायचं. "थांब, अजून वाढते भाव," असं बापू संक्रांतीपासून म्हणत होते. भाव वाढायच्या आत जगच बंद पडलं. मार्केट यार्ड बंद, जिनिंग बंद, गाड्या बंद. कापूस पंख्याच्या खोलीत ऐसपैस पसरला आणि आम्ही पाच जण मधल्या खोलीत एकमेकांच्या अंगावर.

(साठवलेल्या कापसात बारीक किडे पडतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. उन्हाळ्यात त्या खोलीत जो जाईल त्याला खाज सुटणार म्हणजे सुटणार. म्हणून खोलीला कडी घातलेली आणि परीला तिकडं फिरकायची बंदी. हे कंसात सांगितलं असलं तरी लक्षात ठेवा.)

आता वंदी. वंदी माझी धाकटी बहीण, नदीपलीकडच्या गावात दिलेली, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी होणार म्हणून मायनं जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी शिवली होती, डिंकाचे लाडू वळून डबा भरला होता, अंगणातली खाट नव्यानं विणून घेतली होती. वंदी यायची त्याच आठवड्यात पूल बंद झाला. पलीकडच्यांनी रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या. मग आमच्या गावकऱ्यांनीही आपल्या बाजूनं त्याहून मोठ्या टाकल्या.

आमच्या गच्चीवरून वंदीच्या गावच्या देवळाचा कळस दिसतो. माय रोज सकाळी वर जाऊन तो बघायची आणि खाली येऊन काही बोलायची नाही. मग जेवण कमी झालं. अर्धी भाकर, पुढं चतकोर, पुढं नुसतं "भूक नाई." जन्मभर बोलून बोलून आमचे कान किटवणारी बाई गप्प झाली आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. रोगाची नव्हे, तिची. ही अशीच खाटेवर बसल्या बसल्या संपून जाईल, असं मला रोज वाटायचं.

म्हणून घराच्या मनःस्वास्थ्याचा कारभार मी हातात घेतला. (कोणी दिला नव्हता.) फोनवर व्हिडिओंचा पूर आला होता. सकारात्मक राहा, दीर्घ श्वास घ्या, स्वतःसाठी वेळ काढा. सांगणारी बाई मागे निळाशार समुद्र ठेवून बोलायची. आमच्या मागे म्हैस होती. तरी मी सकाळीच सगळ्यांना अंगणात ओळीनं बसवलं.

"हात वर करा. आता मोठ्यानं हासा. हा हा हा!"

"कायले?" बापूंनी विचारलं.

"हासल्यानं टेन्शन जाते."

"कापूस जाते का?"

"बापू, आधी हासा तं खरं!"

बापूंनी एकदाच "हा" केलं. म्हशीनं मान वळवून पाहिलं. रेखा पदर तोंडाला लावून गदगदत होती, पण ती मला हसत होती, आणि ते व्यायामात धरायचं की नाही हे व्हिडिओत सांगितलेलं नव्हतं. माय समोर बघत बसली होती.

"माय, तू बी हास ना वं."

"हासली," माय म्हणाली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मी "मनातलं बोला" हा कार्यक्रम ठेवला. बापू म्हणाले, "माह्या मनात काई नाई." रेखा म्हणाली, "माह्या मनात लय हाय, पन आता सांगत नाई." परी म्हणाली, "मले कुल्फी पायजे!" आणि कुल्फी नाही म्हटल्याबरोबर अंगणाच्या मधोमध बसून तिनं असं भोकाड पसरलं की कार्यक्रम आटोपता घ्यावा लागला.

हे सगळं करताना माझं काय चाललं होतं, ते कोणाला सांगणार? माझं बांगड्यांचं दुकान. ऐन लग्नसराई आणि लग्नंच नाहीत. बरं, दुकान उघडून तरी उपयोग काय? हा धंदाच मुळी दुसऱ्याचा हात हातात घेऊन करायचा! सहा फुटांवरून बांगड्या भरता येत नाहीत. मला येणारी एकच कला, आणि नेमकी तीच आता गुन्हा ठरली होती. वंदीला भरायच्या हिरव्या बांगड्या मी स्वतः निवडून ठेवल्या होत्या. एका दुपारी त्या पुसत बसलो आणि एकदम गळा दाटून आला. छाती धडधडायला लागली, हात गार पडले. मला कळेना, मी आता मरणार आहे की रडणार आहे. त्यातल्या त्यात रडणं बरं, असं ठरवून मी जागा शोधायला उठलो.

संडासात गेलो. कडी लावतो न लावतो तोच बाहेरून बापू: "कोन हाय? लवकर नीघ!" गच्चीवर गेलो, तर अख्खं गाव आपापल्या गच्चीवर. शेजारचे सोपानकाका तिकडून ओरडले, "दिगू, तोंड काऊन उतरलं रे? ताप-गीप हाय का?" (त्या दिवसांत ही चौकशी नसायची, तक्रार असायची.) मी दात काढून हसलो आणि उतरलो. शेताकडे निघालो, तर वेशीवर पोलिसांची जीप.

"कुठं?"

"शेतात."

"काय काम?"

आता काय सांगणार, रडायचं आहे? मुकाट्यानं परत आलो.

दुपारी सगळे आडवे झाले होते. मी कापसाच्या खोलीची कडी हळूच काढली, आत शिरलो आणि दार ओढून घेतलं. काय सांगू! बाहेर कावळे ओरडत होते, परी पायरीवर डबा वाजवत होती, आणि आत काही म्हणजे काही नाही. कापसानं सगळा आवाज पिऊन टाकला होता. मी ढिगात बूड टेकलं, टॉवेल तोंडात धरला, मग लक्षात आलं की त्याचीही गरज नाही. मनसोक्त रडलो. एकदा "माय वं!" म्हणून ओरडूनही पाहिलं. कोणी आलं नाही. बाहेर आलो तो हलका होऊन, आणि सगळ्यांना सांगितलं, "पाहा, श्वासाचा व्यायाम केला तं मानसाले कसं बरं वाटते!"

त्यानंतर मी रोजच तिथं श्वासाचा व्यायाम करू लागलो.

खाज सुटायचीच होती, सुटली. संध्याकाळी रेखानं विचारलं, "अवो, काऊन एवढं खाजवून राह्यले तुमी?"

"डास," मी म्हणालो. मग माझ्या लक्षात आलं की तीही मान खाजवते आहे. "तुले काय झालं?"

"साबन बदलला ना."

बापू दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे होते. "घामोळ्या," न विचारताच त्यांनी सांगितलं. मायचे दोन्ही हात लाल झाले होते. "म्हशीच्या गोचीडी असन," ती म्हणाली. मी डास, साबण, घामोळ्या आणि गोचीडी हे सगळं आनंदानं मान्य केलं, कारण त्यामुळे मला पुढचं कोणी विचारलं नाही. परी तेवढी ठणठणीत होती.

इकडे खोलीत भलतंच चाललं होतं. मी बसून बसून कापसात एक खड्डा केला होता. तो दिवसेंदिवस माझ्या अंगापेक्षा मोठा होत गेला. मग शेजारी दुसरा पडला. एकदा खड्ड्यात केसांची पिन सापडली. वेचणीतून आली असेल, असं मी ठरवलं. पण खड्डे वाढतच चालले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: कापूस चोरीला जातो आहे! (गाड्या बंद, यार्ड बंद, चोर तो कापूस नेऊन काय वाती वळणार होता, हा विचार मला शिवला नाही.) मी बापूंना गाठलं.

"बापू, आपला कापूस चोरून राह्यलं कोनीतरी."

बापू दचकले. "कोन म्हनते?"

"खोलीत मोठमोठे खड्डे पडले हायत!"

"तू कायले गेल्ता खोलीत?"

या प्रश्नाची मी तयारीच केली नव्हती. "खिडकीतून दिसलं," मी म्हणालो. (खिडकी कापसानं पार बुजलेली होती.)

"उंदीर असन," बापू घाईनं म्हणाले.

"उंदीरच हायत!" रेखा स्वयंपाकघरातून ओरडली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

"लय झाले हायत औंदा उंदीर," माय म्हणाली. कित्येक दिवसांत तिच्या तोंडून एवढं लांब वाक्य आलं नव्हतं. त्या आनंदात मी उंदरांवर शिक्कामोर्तब केलं.

आणि अशात राजक्का आली. राजक्का आमच्या गावची आशा कार्यकर्ती. मूळची तेलुगू, पण आमच्यात राहून आमच्यासारखीच बोलणारी. आश्चर्य वाटलं की तेवढ्यापुरती तिच्या भाषेत जाते. ती आली ती बातमी घेऊन. बाळंतपणासाठी आईला पलीकडे जायचा पास मिळू शकतो, मंडल ऑफिसात तिनं विचारून ठेवलं होतं. फक्त घरातली सगळी माणसं धडधाकट आहेत, एवढं तिनं पाहून कळवायचं होतं. मायनं त्या दिवशी अख्खी भाकर खाल्ली. वर कांदा मागितला! मी परसात जाऊन डोळे पुसून आलो.

दुसऱ्या दिवशी राजक्का तपासायला आली, तेव्हा आम्ही चौघं अंगणात उभे होतो आणि चौघंही कराकरा खाजवत होतो.

"अय्यो! एमैंदि? काय झालं तुमाले?"

"डास!" "साबन!" "घामोळ्या!" "गोचीडी!" चौघं एकदम.

"एका घरात चार रोग?" राजक्का म्हणाली. "कापसात गेलते का कोनी?"

"नाई!" इतके दिवस मी सकाळी ओळीनं बसवत होतो, पण आमचा एवढा एकसूर कधी लागला नव्हता.

"नक्की नाई? मले तं कापसाचीच खाज वाटते."

"कापसात कोन कायले जाईन?" मी छाती काढून म्हणालो. "काय काम असते तिथं?"

बस्स. तिथंच घात झाला. कापूस नाही म्हटल्यावर त्या बिचारीला वर कळवणं भाग होतं. रोग नवा, रोज नवं लक्षण ऐकू येत होतं. संध्याकाळपर्यंत आमच्या फाटकावर कागद चिकटला. घरातल्यांनी बाहेर पडायचं नाही, बाहेरच्यांनी आत जायचं नाही. आणि आजारी घराला पास नाही.

गावानं आम्हाला झटक्यात तोडलं. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं आमचं सामान लांब काठीला पिशवी बांधून दिलं. सोपानकाकांनी गच्चीवरची खाट पार पलीकडच्या कठड्याला लावली आणि तिथून ओरडून ते आमची विचारपूस करू लागले. अफवा आमच्यापेक्षा मोकळी फिरत होती. सकाळी आम्हाला खाज होती, दुपारी ताप आला, आणि ऊन कलायच्या आत पलीकडच्या गावातून एका नातेवाइकाचा सांत्वनाचा फोन आला. तो बापूंनीच उचलला.

"बापू गेले म्हनते?" तिकडून हुंदका.

"नाई, इथंच हाय," बापू म्हणाले. मग फोन ठेवून बराच वेळ स्वतःची नाडी बघत बसले.

वंदीचाही फोन आला. ती रडत होती. सासरचे म्हणत होते, आता पूल उघडला तरी आजारी माहेरी पाठवणार नाही. माय "मी बरी हाय, तू जप" एवढंच म्हणाली. फोन ठेवला आणि ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशीही सारलं.

मी एक वाक्य बोललो असतो तर तो कागद उतरला असता. राजक्का, मी कापसात बसून रडतो. एवढंच वाक्य! आरशासमोर उभं राहून मी त्याची तालीम केली. मिशी मध्ये यायची. सगळं गाव मला रोगी म्हणत होतं ते मी पचवलं होतं, पण रडका? रोज सकाळी इतरांना हात वर करून हसायला लावणारा मी! दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आलो. मग ठरवलं, आधी मन घट्ट करायचं. आणि मन घट्ट करायला मी कुठं गेलो असेन?

कापसाच्या खोलीत.

अगदी मागच्या खड्ड्यात जाऊन बसलो. नुकता सूर लागत होता, तोच कडी वाजली. मी पटकन अंगावर कापूस ओढून घेतला. दार उघडलं, दार लागलं. बापू होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि रडायला लागले. "वंदे... वंदे वं..." त्यांची आई गेली तेव्हा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला उठून त्यांना धरावंसं वाटलं, पण आधी तिथं काय करत होतो हे सांगावं लागलं असतं. तेवढ्यात पुन्हा कडी वाजली. बापूंनी टोपी डोक्यावर आदळली आणि ते सरपटत मागे आले, थेट माझ्या अंगावर. त्यांच्या हातात माझा अंगठा आला. उंदीर समजून त्यांनी तो असा पिरगाळला की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी ओरडलो नाही. घराण्याची अब्रू माझ्या अंगठ्यात होती.

आता आली होती रेखा. ती बापूंसारखी हळू रडणाऱ्यातली नव्हती. तिनं दोन्ही मुठींनी कापूस बडवायला सुरुवात केली. "हासा म्हनते! स्वतः मढ्यासारखं तोंड घेऊन फिरते आन आमाले म्हनते हासा! तिकडं आत्याबाई जेवून नाई राह्यल्या आन हे मले श्वास मोजाले लावते!" (हेच ते मनातलं, जे ती "आता सांगत नाई" म्हणाली होती.) ज्याला ती कापूस समजून बडवत होती त्यात माझी नडगी होती.

मग तिसऱ्यांदा दार उघडलं. माय. तिनं ना इकडे पाहिलं ना तिकडे. आत आली आणि रेखाला म्हणाली, "सरक वं जराशी."

रेखा सरकली. म्हणजे या दोघी इथं बरोबर येत होत्या! घरातल्या बायका रोज शेजारी शेजारी बसून रडत होत्या, आणि आम्ही दोघं बापलेक एकाच ढिगात पुरून घेऊन एकमेकांपासून लपत होतो.

त्याच क्षणी बापूंना शिंक आली. साधी नाही, आठवडाभर दाबून ठेवल्यासारखी. दोन्ही खड्ड्यांमधली भिंत हलली आणि वरचा सगळा ढीग आम्हा चौघांवर आला! थोडा वेळ नुसती धडपड. मग एकेक डोकं वर आलं. चार पांढरीशुभ्र डोकी, लाल डोळे. कोणी कोणाकडे बघेना.

"उंदीर," माय म्हणाली.

कोणी हसलं नाही. बापूंनी नाक शिंकरून मला विचारलं, "तू कवापासून?"

"लय दिवस झाले."

"मंग तो व्यायाम?"

"हाच."

आता राजक्काला सांगायचं कोणी? बापू म्हणाले, मी घरातला मोठा, मी कसा सांगू. रेखा म्हणाली, मी सून, माझ्या माहेरी कळलं तर? माय उठली, केसांत कापूस तसाच, आणि सरळ फाटकाकडे चालू लागली. मी धावत तिच्या पुढं गेलो.

राजक्का रस्त्याच्या पलीकडून चालली होती. मला बघताच तिनं हात वर केला, "दूर! तिथूनच बोला!" म्हणजे ओरडणं आलं. सगळ्या गच्च्या भरलेल्या होत्या.

"राजक्का, आमाले रोग नाई! कापसाचीच खाज हाय!"

"मग नाई काऊन म्हनलं?"

"आमी तिथं बसून रडतो!"

"काय करता?"

"रडतो! रडतो आमी! चौघंबी!"

राजक्कानं मास्क सारखा केला. "आन पोरगी? तिले काऊन खाज नाई?"

"ती अंगनात रडते!"

मी खाली मान घालून हशाची वाट पाहत उभा राहिलो. हशा आला नाही. मग पलीकडच्या कठड्यावरून सोपानकाकांचा आवाज आला, "आमच्या घरी तं कापूस बी नाई रे दिगू."

डॉक्टर येऊन पाहून गेले, कागद उतरला, पास आला. मी मायला मोटारसायकलवर बसवून पुलावर नेलं. तिच्या मांडीवर लाडवांचा डबा, दुपटी आणि वंदीच्या हिरव्या बांगड्या. आमच्या बाजूच्या पोलिसानं पास पाहिला आणि सोडलं. पलीकडच्या पोलिसानं तोच पास उलटासुलटा केला. तो तेलुगूत होता.

"हा तिकडला झाला. इकडला कुठं हाय?"

"इकडला कुठं भेटते?"

"इकडं."

"मंग इकडं येऊ द्या!"

"पास हाय का?"

त्याचीही चूक नव्हती, त्याला तसं सांगितलेलं होतं. बाभळीच्या फांद्यांपलीकडे वंदीचा नवरा हात जोडून उभा होता. पोलिसानं हातमोजे घालून डबा आणि गाठोडं पलीकडे नेऊन दिलं. माय पुलावर उभी राहून म्हणाली, "रोज एक लाडू खा म्हना तिले," आणि वळली. मला वाटलं, संपलं. सगळ्या गावासमोर अब्रू घालवली आणि हाती काहीच आलं नाही. आता ही जेवायची नाही आणि बोलायचीही नाही.

संध्याकाळी वंदीचा फोन आला. "दादा, बांगड्या लय गोड हायत. पन काय रे, हातभर खाज सुटली मले!"

बांगड्या फुटू नयेत म्हणून मी त्या आमच्या खोलीतल्या कापसात गुंडाळल्या होत्या. माणसाला दोन पास लागत होते, खाज मात्र एकाही पासाशिवाय महाराष्ट्रात पोहोचली!

खाटेवरून कसलासा आवाज आला. आम्ही वळून पाहिलं. माय हसत होती. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते कळलंच नाही. वंदीसाठी विणलेल्या त्या खाटेवर, भर अंगणात, गच्च्यांवरच्या सगळ्या गावासमोर. ती उठून खोलीत गेली नाही. बापू तिच्याशेजारी जाऊन बसले आणि त्यांनीही सुरुवात केली. मग रेखा, मग मी.

"आता काय झालं?" सोपानकाकांनी विचारलं.

"काई नाई, काका."

"बरं," ते म्हणाले. थोड्या वेळानं पाहिलं तर तेही उपरण्यानं नाक पुसत होते.

वंदीला मुलगी झाली. पहिलं रडणं मायनं फोनवर ऐकलं, रेंज मिळावी म्हणून गच्चीच्या कोपऱ्यात उभं राहून. नात प्रत्यक्ष हातात आली तेव्हा ती मान धरायला लागली होती. दुपटी तोवर तिला आखूड झाली होती.

नात हाती यायच्या आधीच, भर उन्हाळ्यात, खरेदी सुरू झाली तेव्हा बापू आणि मी कापूस टेम्पोत भरून मार्केट यार्डात घेऊन गेलो. तिथल्या माणसानं ढिगात हात घातला, ओल मोजायचं यंत्र खुपसलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ओल हाय याच्यात."

"ओल?"

"लय हाय. एवढ्या उन्हाळ्यात ओल कुठून आली? वजन वाढवाले पानी मारलं का?"

बापू उभ्या आयुष्यात लबाडीचा धंदा केलेला माणूस नाही. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी तोंड उघडलं, आणि मला कळलं की ते आता सगळं खरं सांगणार. गावाला माहीत होतं ते ठीक, पण हा माणूस परगावचा होता! मी पुढे झालो.

"उंदीर," मी म्हणालो. "घरात उंदीर लय हायत."

त्यानं ढिगाकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एवढी ओल? किती हायत उंदीर?"

"चार," मी म्हणालो, आणि मिशीत अडकलेला कापूस काढला.